व्यावसायिक कलासेवा : खर्च व मूल्य
मालाचे नाव, बोधचिन्ह, वेष्टन, जाहिरात, माहितीपत्रक इत्यादींसाठी उद्योगसंस्थेने चित्रकार, लेखक, छायाचित्रकार, आरेखक यांसारख्या कलावंतांकडून मोबदला देऊन घेतलेली सेवा. या सेवेचा खर्च ठरावीक दिवशी व ठरावीक रकमेत चुकता करावा लागतो. तिचे मूल्य मात्र अनेक वर्षांत विखुरलेले असते. मोबदल्याविषयी उद्योजक व कलावंत यांच्यात जे मतभेद होतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या विषमतेत आढळते.

जर्मनीतील आ. ए. गे. या विद्युत् सामग्रीच्या कंपनीने १९०७ मध्ये पेटर बेरेन्स यांना कलाविषयक सल्लागार नेमले, ही उद्योगाने कलावंताची पद्धतशीर मदत घेतल्याची आरंभीची घटना मानली जाते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला.

महाराष्ट्रातील उद्‌बोधक उदाहरण किर्लोस्कर उद्योगसमूहाचे आहे. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या नांगरांना प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. माल चांगला असूनही तो पटवून देणे, हे कारखानदारीपेक्षा वेगळे काम होते. त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. कारखान्याच्या जाहिरातींचे काम त्यांनी सांभाळले आणि १९२० मध्ये किर्लोस्कर खबर  हे पत्रक सुरू केले. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्रक १९२९ पासून किर्लोस्कर  या नावाने प्रसिद्ध होऊ लागले व मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. पुढे ते पुण्याहून निघत असे. जो खर्च प्रारंभी प्रसिद्धीच्या सदरात पडला असेल, त्यातून असा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला.

खर्चाचे स्वरूप : कलावंताचा मोबदला कामाच्या नगावर, तासांवर, मासिक वेतनाने वा वार्षिक कराराने ठरतो. छपाई, चित्रीकरण व प्रसारमाध्यमांतील जागा यांचा खर्च याहून निराळा असतो. वृत्तपत्रे मान्यताप्राप्त जाहिरातसंस्थांना जाहिरातीच्या रकमेवर परंपरेने १५ टक्के अडत देत. कल्पना, मजकूर व चित्र यांचा मोबदला या अडतीतूनच निघे. त्यामुळे ही कामे फुकट होतात, असा ग्राहकांचा समज झाला. माध्यमखरेदीचे काम वेगळ्या संस्थांकडे गेल्यावर कल्पनेचे स्वतंत्र देयक येऊ लागले आणि ते अवाजवी वाटू लागले.

हिशेबातील स्थान : भारतीय लेखा मानक २६ नुसार उद्योगाने स्वतः घडविलेली नाममुद्रा मत्ता म्हणून ताळेबंदात दाखविता येत नाही, जाहिरातीवरील व्ययही त्या त्या वर्षाचा खर्च ठरतो. यंत्राची किंमत अनेक वर्षांवर विभागली जाते, बोधचिन्हाची एकाच वर्षी खर्ची पडते. त्यामुळे काटकसरीची वेळ आली की, कात्री प्रथम या खर्चाला लागते.

मूल्य व त्याच्या मर्यादा : पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज ऑटो कंपनीची ‘हमारा बजाज’ ही जाहिरातमाला १९८९ मध्ये लिंटास या संस्थेने तयार केली व ती देशभर लोकप्रिय झाली. तथापि ग्राहक मोटारसायकलीकडे वळत गेला आणि २०१० च्या सुमारास कंपनीने स्कूटरचे उत्पादन थांबविले. जाहिरात कालबाह्य होणाऱ्या मालाला तारू शकली नाही; परंतु २०२० च्या आरंभी पुणे व बंगळूर येथे विद्युत् स्कूटर विक्रीस आणताना कंपनीने ‘चेतक’ हे जुनेच नाव योजिले, कारण त्याची ओळख टिकून होती. मोबदला व मूल्य यांत प्रमाण असतेच असे नाही. नायकी या अमेरिकन कंपनीचे बोधचिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरना करून दिले. कंपनीने तिला १९८३ मध्ये समभाग दिले.

हक्क : प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा अधिकार, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकाकडे जातो. पैसे देऊन काढविलेली छायाचित्रे व रंगचित्रे यांचा अधिकार सामान्यपणे ती काढविणाऱ्याकडे असतो. मात्र स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेला मजकूर वा रेखाटलेले बोधचिन्ह लेखी हस्तांतरणाशिवाय उद्योजकाच्या मालकीचे होत नाही. हस्तांतरणपत्रात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची मानतात. लहान दुकानदार देयकाची पावती हाच मालकीचा पुरावा समजतो आणि पाटी, पिशव्या व वेष्टने यांवर छापलेल्या चिन्हाचाच हक्क त्याच्याकडे नसतो. करारपत्राचा अल्प खर्च या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

खर्चाचा निर्णय घेताना केवळ देयकाचा आकडा न पाहता ती कृती किती वर्षे व किती ठिकाणी वापरली जाईल, याचा विचार करणे इष्ट असते. आठवड्याच्या सवलतीचे पत्रक साधे असले तरी चालते. नाव, बोधचिन्ह व वेष्टन यांतील चूक मात्र प्रत्येक नगाबरोबर छापली जाते व ती बदलण्याचा खर्च मूळ मोबदल्याच्या कितीतरी पट होतो. संगणकावरील तयार नमुने व कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे रेखाटनाचा खर्च अलीकडे बराच उतरला आहे. परंतु कोणाला, काय व कशा प्रकारे सांगावयाचे हे ठरविण्याचे काम उरतेच, आणि कलावंताच्या मोबदल्याचा मुख्य भाग त्यासाठीच असतो.