हार्ड डिस्क का रखडते?

जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावरून मागेपुढे धावतं. ७२०० वाल्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा टोकाखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. टोक सरकवण्याचा वेळ वेगळाच. फाइल सलग असेल तर हा खोळंबा एकदाच. पण डिस्क भरत आली, की नव्या फाइलला तुकड्यातुकड्यांनी बसावं लागतं, भरलेल्या एस.टी.त एकाच कुटुंबाला वेगवेगळ्या बाकांवर बसावं लागतं तसं. मग प्रत्येक तुकड्यामागे पुन्हा धावाधाव.

हे तुकडे सलग लावणं म्हणजे डिफ्रॅगमेंटेशन. विंडोज ते ठरावीक काळाने आपणहून करतं, पण काम उरकताच संगणक बंद करणाऱ्यांकडे त्याला सवडच मिळत नाही. आधी रिसायकल बिन रिकामी करा, टेम्पररी फाइली उडवा, नको ते प्रोग्रॅम काढा; मगच डिफ्रॅग, कारण तुकडे हलवायलाही मोकळी जागा लागते. वेग दुप्पट करून देणारी फुकट सॉफ्टवेअरं मात्र लांबच बरी. बहुतेकदा तीच नवा कचरा आणतात.

नव्या धाटणीच्या डिस्कमध्ये, म्हणजे एसएसडीत, फिरणारं काहीच नसतं. तिथे डिफ्रॅगचा उपयोग शून्य, उलट लिहिण्यापुसण्याने तिचं आयुष्य झिजतं. तिच्यासाठी ट्रिम ही वेगळी सोय विंडोजमध्ये आहे.

आणि डिस्क टकटक वाजू लागली असेल, तर साफसफाई राहू द्या. आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.