मेट्रोची घोषणा आणि मे महिन्यातले पाणी

मुंबई-पुण्याच्या कडेला घर शोधणाऱ्याच्या कानावर एक वाक्य हमखास पडते : आत्ताच घ्या, पुढे भाव हाताबाहेर जातील. कारण म्हणून मेट्रो, विमानतळ, रिंग रोड किंवा आयटी पार्क यांपैकी काहीतरी सांगितले जाते. या भरवशावर मध्यमवर्गीय कुटुंब वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेते, म्हणून हा भरवसा तपासून पाहायलाच हवा. एखादे उपनगर वाढेल का, आणि ते लोकांच्या पसंतीला उतरेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर रोजगार आणि प्रवासाची सोय यांत असते. दुसऱ्याचे उत्तर पाणी, ड्रेनेज, आतले रस्ते आणि या सगळ्याची जबाबदारी घेणारी पालिका यांत सापडते. दोन्ही बाबतींत कागदावरच्या मंजुरीपेक्षा आज चालू असलेली सेवा खरा अंदाज देते.

नवी मुंबईचा इतिहास याची साक्ष आहे. खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. ते उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. जमीन संपादित झाली, आराखडे झाले, खाडीवर रस्त्याचा पूल आला, घाऊक बाजार हलवले गेले. तरीही नोकरीसाठी मुंबईला जाणारा माणूस तिकडे राहायला जायला बराच काळ कचरत होता. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल धावू लागली आणि चित्र पालटले. या रेल्वेच्या खर्चातला सुमारे दोनतृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. गाडीशिवाय शहर भरणार नाही, हे तिला उमगले होते. पुढे नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे केले. वाशी-नेरूळला आज जी पत आहे, तिच्यामागे गाडीइतकाच या पाण्याचा हात आहे. विमानतळाची गोष्ट याच्या उलट बाजूची. त्याचे भूमिपूजन २०१८ च्या फेब्रुवारीत झाले आणि प्रवासी विमाने उडाली ती २०२५ च्या डिसेंबरात. मधल्या वर्षांत त्या आशेवर उलव्याच्या बाजूला घर घेणाऱ्यांचे हप्ते मात्र थांबले नव्हते.

पुण्याच्या पश्चिमेला हाच धडा वेगळ्या क्रमाने मिळतो. हिंजवडीत एमआयडीसीचे, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचे, आयटी पार्क उभे राहिले, नोकऱ्या आल्या आणि वाकड, बाणेर, बालेवाडी झपाट्याने भरले. वाढीचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. पाणी आणि रस्ते मात्र मागे राहिले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणीटंचाईमुळे बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकाम परवानग्या काही काळ रोखल्या होत्या. महापालिकेचे पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवू, असे हमीपत्र बिल्डर देतो आणि इमारत उभी राहते. सोसायटी ताब्यात आली की त्या हमीचा भार सभासदांच्या मेंटेनन्सवर येतो. सोसायटीच्या वार्षिक हिशेबात ‘पाणी टँकर’ हा रकाना रखवालदार आणि लिफ्टच्या खर्चाशेजारी येऊन बसतो, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत तिथला आकडा फुगतो. एखाद्या भागाबद्दल हा रकाना जितके सांगतो, तितके कुठलेही माहितीपत्रक सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल की टँकरवर जगणारे बाणेरही महागच झाले. खरे आहे. पण तिथला भाव जवळच्या रोजगाराने आणि महामार्गाने तोलून धरला आहे, आणि ज्यांना परवडते ते पाणी विकत घेतात. जिथे असा पगारदार वर्ग जवळ नाही, तिथे टँकर भाव आणि वस्ती दोन्ही पोखरतो. दुसरा आक्षेप असा की आधी माणसे येतात, मग मतांच्या जोरावर सोयी येतात. नालासोपारा-विरार असेच वाढले. तेही खरे, पण त्या वाटेत एका पिढीची उमेद खर्ची पडते, आणि ती किंमत विकत घेतानाच्या भावात दिसत नाही. तिसरा आक्षेप गुंतवणूकदाराचा : सेवा सुरू होईपर्यंत थांबलो तर स्वस्ताई निघून जाते. पण प्रकल्पाची घोषणा होताच तिची किंमत बरीचशी भावात मिसळलेली असते. उरते ती उशिराची जोखीम, आणि राहण्यासाठी घर घेणाऱ्याला ती पेलत नाही. केवळ उत्तम नियोजनही पुरत नाही. पुण्याजवळ डोंगरात वसवलेल्या लवासा या खासगी शहरात आखीव रस्ते होते, तलाव होता. पण रोजचा रोजगार आणि शहराशी सोपे दळणवळण नव्हते, आणि २०१८ मध्ये ते उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

म्हणून घर पाहायला पावसाळ्यात न जाता मे महिन्यात जावे. शेजारच्या जुन्या सोसायटीकडे गेल्या वर्षीचा टँकरखर्च विचारावा. विकास आराखड्यातला चोवीस मीटरचा रस्ता प्रत्यक्ष चालून पाहावा. कागदावर सलग असलेला डीपी रस्ता जागेवर अनेकदा भूसंपादन न झालेल्या तुकड्यापाशी, कुणाच्या तरी कुंपणाला टेकून संपतो. तक्रार घेऊन जायचे ते कार्यालय ग्रामपंचायतीचे, एमआयडीसीचे, पीएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाचे की महापालिकेचे, हे विचारावे. या प्रश्नाला चार उत्तरे मिळाली तर तिथला खड्डा कोणीच बुजवणार नाही, असे समजावे. पण सगळी दक्षता ग्राहकानेच घ्यावी, हे न्याय्य नाही. बांधकाम परवानगी देताना त्या भागात माणशी किती पाणी आज मिळते, हे परवानगीच्याच कागदावर छापण्याचे बंधन पालिकांवर असायला हवे. परवानगी देणाऱ्याला पाण्याचा आकडा लिहून द्यावा लागला, तर कोणते उपनगर राहण्यालायक होणार याचे भाकीत सामान्य माणसालाही करता येईल, आणि आकडा लिहिताना हात अडखळला तर परवानगीही थांबेल.