जुन्या वृत्तपत्रांतील रॉक मैफलींच्या जाहिराती : संग्रह, जतन आणि पुरावामूल्य

प्रस्तावना :
वृत्तपत्रातील जाहिरात हा सांस्कृतिक इतिहासाचा दुर्लक्षित पुरावा होय. प्रस्तुत लेखात मुंबईतील रॉक मैफलींच्या जाहिराती असलेल्या जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहाचा विचार केला आहे. प्रतापगडसारख्या गावातून हा विषय दूरचा वाटेल. तथापि त्यातील अडचणी आपल्याही आहेत.

जाहिरात काय सांगते :
१९७० च्या सुमारास झालेली 'सिम्ला बीट' ही वाद्यवृंदांची स्पर्धा त्याच नावाच्या सिगारेटच्या प्रसारासाठी होती. तिच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका आज संग्राहकांना ठाऊक आहेत. पण या संगीतामागे पैसा कोणाचा होता, हे जाहिरातीइतके उघडपणे अन्यत्र दिसत नाही. मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा ब्रिटिश वाद्यवृंद धोबीतलाव येथील रंगभवनात वाजला. रुग्णालये व शिक्षणसंस्था यांभोवतीच्या शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे त्या खुल्या रंगमंचावरील मैफली थांबल्या. अशा वेळी प्रवेशदर, तिकीटविक्रीची ठिकाणे, वेळ हे तपशील जाहिरातीतूनच मिळू शकतात.

मात्र जाहिरात ही संकल्पाची नोंद असते, घटनेची नव्हे. कार्यक्रम पुढे ढकलला वा रद्द झाला असल्याची शक्यता असल्याने पुढील दोन-तीन दिवसांचे अंकही पाहणे अगत्याचे आहे. म्हणूनच कात्रणापेक्षा संपूर्ण पान श्रेष्ठ. कात्री फिरली की दिनांक, आवृत्ती व शेजारचा मजकूर जातो. वर्ष हरवले असल्यास वाराचा उपयोग होतो : 'बुधवार, २६ मार्च' हा योग १९७५, १९८० व १९८६ मध्ये येतो, मधल्या वर्षांत नाही.

जतन :
वृत्तपत्राचा कागद मुख्यतः यांत्रिक लाकूडलगद्याचा असतो. त्यातील लिग्निन प्रकाश व हवेमुळे पिवळे पडते, आम्ल वाढते आणि तंतू तुटू लागतात. घडीवर कागद प्रथम फाटतो. पान सपाट, अंधाऱ्या व कोरड्या जागी, आम्लविरहित कागदात ठेवावे. चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर कटाक्षाने टाळावे. ते पुन्हा काढता येत नाही. हौशी संग्राहकांच्या हातून सर्वाधिक हानी याच 'काळजी'ने होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नोंद पाकिटावर, पान आत ठेवण्यापूर्वी, पेन्सिलने करावी.

झाडीपट्टीच्या संदर्भात :
१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याच्या कक्षेत १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही आली. त्यामुळे मुंबईतील मैफलीचा शोध एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात तरी घेता येतो. वडसा येथील नाट्यमंडळांचे प्रयोग मात्र मुख्यतः भित्तिपत्रके व हस्तपत्रके यांवरून कळतात. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत वाटलेला कागदही त्याच वर्गातला. येथे ओलावा आणि वाळवी दोन्ही आहेत. वृत्तपत्रांची रद्दी तर किलोने विकली जाते. झाडीपट्टीचा नाट्यहंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि घरोघरची साफसफाई दिवाळीपूर्वी होते. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी गावोगावच्या मंडळांकडून मागील हंगामाचे कागद मागून घ्यावयाचे असतील, तर ते त्या साफसफाईच्या आधी घ्यावे लागतील.