इंजिनाच्या तेलाचा हिशेब

संध्याकाळी गल्ल्यात रक्कम कमी भरली, तर जाणता व्यापारी लगेच कोणावर आळ घेत नाही. तो आधी रोजकीर्द उघडतो, बेरीज पुन्हा करतो आणि मग उधारी व परतावा तपासतो. मोटारीच्या इंजिनातील तेल कमी होऊ लागले की मात्र हाच विवेक बाजूला पडतो. ‘इंजिन ऑइल खाते आहे, खोलावे लागेल’ एवढ्या शब्दांवर मोठ्या खर्चाच्या कामाला संमती दिली जाते. कित्येकदा दोष एखाद्या स्वस्त, सुट्या भागातच असतो.

प्रथम मोजमाप

तेल खरोखर किती जाते, हे आधी ठरवावे. मोटार सपाट जागी उभी करून गरम इंजिन बंद करावे व पाच-दहा मिनिटे थांबावे. डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग पातळी पाहावी. दोन खुणांमधील तेल पुष्कळ मोटारींत सुमारे १ लिटर असते. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून तारीख, किलोमीटर आणि पुढे वेळोवेळी घातलेले तेल एका वहीत लिहीत जावे. १००० किलोमीटरनंतर तुटीचा आकडा समोर येतो. थोडे तेल जळणे हा दोष नव्हे. काही उत्पादक तेवढ्या अंतराला अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर मर्यादेत धरतात. आपल्या गाडीची मर्यादा तिच्या पुस्तिकेत पाहावी.

या हिशेबात एक खोटी शिल्लकही असते. घर ते दुकान एवढ्याच फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले इंधन तेलात उतरते. तेल घटले तरी पातळी जागीच दिसते. पुढे लांबच्या प्रवासात त्यातील पेट्रोल वाफ होऊन निघून जाते आणि पातळी एकाएकी खाली येते. तूट जुनी असते, दिसते मात्र त्या दिवशी.

तेल जाण्याच्या तीन वाटा

पहिली वाट गळतीची. फरशीवर डाग नाही म्हणून गळती नाही, असे समजू नये. इंजिनाखालील आच्छादनात तेल साचते, किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळते व केवळ करपट वास येतो. इंजिन स्वच्छ धुऊन काही दिवस गाडी चालवावी आणि मग व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, ऑइल फिल्टर, चेंबरचा ड्रेन बोल्ट व क्रँकचे सील तपासावे. तरीही उगम सापडला नाही, तर तेलात विशिष्ट रंग मिसळून अतिनील दिव्याखाली शोध घेता येतो.

दुसरी वाट जळण्याची. तिची खूण निळसर धूर. रात्रभर उभी गाडी सुरू करताना क्षणभर धूर आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. जोर देताना सतत आला, तर पिस्टन रिंगवर. मात्र त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह पाहावा. इंजिनातील वायू पुन्हा हवेच्या मार्गात सोडणारा हा लहानसा भाग उघडाच अडकला, तर तेलही ओढले जाते. तुंबला, तर आतील दाब वाढून सीलमधून तेल बाहेर येते. टर्बो असलेल्या गाडीत हवेच्या नळीतील तेलही तपासावे.

तिसरी वाट कूलंटमध्ये मिसळण्याची. कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग दिसला, तर गाडी चालवू नये.

इंजिन खोलण्यापूर्वी

रिंग झिजल्या आहेत असे सांगितले गेल्यास कॉम्प्रेशन चाचणी मागावी. दाब कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब लक्षणीय वाढला, तर दोष रिंगांकडे. न वाढल्यास बहुधा व्हॉल्व्ह वा हेड गॅस्केटकडे. ‘कोणत्या तपासणीवरून हे ठरवले?’ असे मेकॅनिकला नम्रपणे विचारावे. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

शोध चालू असताना पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच तेल घालावे. लाल दिव्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. तो दिवा तेलाचा दाब घटल्याचे सांगतो आणि बऱ्याच गाड्यांत तेल फारच कमी झाल्यावर पेटतो. तो लागताच सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. ‘घरापर्यंत जाऊ’ या विचाराने इंजिन जाम होऊ शकते. कुटुंबासह दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, तसेच दर पंधरवड्याला, डिपस्टिक पाहून वहीत एक ओळ लिहावी.