गाड्यांविना मुरमाची वाट



मागच्या महिन्यात सायकलवर बोलणं झालं, तेव्हा एका काकूंनी मोबाईलवर बोलून निरोप पाठवला होता. त्यांचा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. त्याने त्यांना स्पेन देशातले व्हिडिओ दाखवले. तिकडे माणसं विमानाचं तिकीट काढून येतात आणि डांबरी रस्ता सोडून मुद्दाम मुरमाच्या वाटेनं सायकल चालवतात. काकूंचा प्रश्न सरळ होता. "आमची पांदण पक्की व्हावी म्हणून गटातर्फे चारदा अर्ज दिला. आणि हे लोक मुरूम शोधत हिंडतात? हे काय खूळ आहे, ते एकदा समजावून सांगा."

आम्ही तिथं गेलेलो नाही. पण नकाशे काढले, वाचलं, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले आणि गटाच्या दोन बैठकांत त्यावर बोललो. आमचं मत असं झालं की यात खूळ कमी आणि हिशेब जास्त आहे.

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात काटालोनिया नावाचा प्रदेश आहे. त्यातलं जिरोना हे शहर. वर उत्तरेला पिरेनीज पर्वत, पलीकडे फ्रान्स, आणि खाली पूर्वेला भूमध्य समुद्र. डोंगर आणि समुद्र यांच्यामधे एवढी थोडी जागा, की सायकलवाला दोन दिवसांत दोन्ही बघतो. डोंगराकडच्या ओलोत गावापासून जिरोनापर्यंत सुमारे ५४ किलोमीटर, आणि जिरोनापासून समुद्रकाठच्या सान्त फेलिऊपर्यंत सुमारे ४० किलोमीटर अशी एक वाट आहे. बहुतेक सगळी मुरमाची. या वाटेला कारिलेत म्हणतात, म्हणजे छोटी आगगाडी. नाव उगाच नाही. इथं खरोखरच छोटी आगगाडी होती.

सान्त फेलिऊ ते जिरोना ही गाडी १८९२ साली सुरू झाली. बाटलीला जे लाकडासारखं हलकं बूच लावतात, त्या बुचाचा धंदा त्या बाजूला मोठा होता. तो माल बंदरावर नेण्याचं काम ही गाडी करायची. जिरोना ते ओलोत ही दुसरी गाडी तुकड्यातुकड्यानं बांधत नेली, १८९५ मधे पहिला तुकडा आणि १९११ मधे ओलोत. दोन रुळांमधलं अंतर ७५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच फूट. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेचे रूळही अडीच फुटाचेच. ती कापसासाठी घातली होती, ही बुचासाठी आणि डोंगरातल्या कारखान्यांच्या मालासाठी. पुढे ट्रक आले, मोटारी आल्या, आणि १९६९ साली या दोन्ही गाड्या बंद झाल्या. उरली ती एक लांबच लांब पट्टी. तिच्यावर झुडपं वाढली.

१९९३ पासून स्पेनमधे अशा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या पायवाटा आणि सायकलवाटा करण्याचं काम देशपातळीवर हाती घेतलं गेलं. त्यांना तिकडे हिरव्या वाटा म्हणतात. आज देशभर मिळून अशा वाटा ३,००० किलोमीटरच्या वर आहेत. जिरोनाच्या वाटांसाठी तिथल्या नगरपालिका आणि वरच्या स्थानिक संस्था यांनी मिळून एक सामाईक मंडळ केलं आहे. आमच्या मते या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. वाट पंधरा-वीस गावांच्या हद्दीतून जाते. एका गावानं मुरूम टाकला आणि शेजारच्यानं नाही, तर वाट तिथंच तुटते. आपल्या पांदणीचं नेमकं असंच होतं, शिवेपर्यंत रस्ता आणि शिवेपलीकडे चिखल.

आता चढाचं बघू, कारण सायकल सोडण्याचं पहिलं कारण बायका तेच सांगतात. रेल्वेचं चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी, त्यामुळे उभ्या चढावर चाक घसरतं. म्हणून रेल्वे बांधणारे डोंगराला वळसा घालत, कुठं टेकडी कापत, कुठं खोलगटात भराव टाकत जातात. शंभर मीटर पुढे गेल्यावर दोन-तीन मीटर चढ, त्याहून जास्त सहसा नाही. इंजिनासाठी केलेली ही सोय शंभर वर्षांनी सायकलवालीच्या कामी आली. ओलोत समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंच आहे आणि जिरोना ७० मीटर. ओलोतहून निघालं की आधी थोडं चढावं लागतं, मग पुढे आमेर गावाकडे वाट हळूहळू उतरत जाते. ज्यांना दम लागतो त्या ओलोतहून निघतात, ज्यांच्या पायात जोर आहे त्या उलट जिरोनाहून वर जातात. आमच्या गटातल्या साठीच्या मावशी हे ऐकून म्हणाल्या, "मग मी ओलोतहून."

आणि मुरूम. तिकडे त्याला साउलो म्हणतात. ग्रॅनाइटचा खडक उन्हापावसानं झिजून जो भरड वाळूसारखा होतो, तो. आपला मुरूम काळ्या दगडाचा, त्यांचा तांबूस-पिवळा, पण घराणं एकच. तो पसरून, पाणी मारून, रोलर फिरवला की चांगला बसतो. सायकलचं चाक रुतत नाही, चालणाऱ्याच्या गुडघ्याला डांबरापेक्षा बरं वाटतं, आणि पाऊस मुरतो. डांबर न टाकण्यामागं पैशाचा हिशेब आहेच. शिवाय गुळगुळीत रस्ता दिसला की गाडीवाल्याला मोह होतो, हे कुणी वेगळं सांगायला नको.

मात्र मुरूम एकदा टाकून विसरून जाण्याची वस्तू नाही. त्या भागात उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस आला की कधी कधी एकदम धो-धो येतो. जानेवारी २०२० मधे ग्लोरिया नावाच्या वादळानं तिथल्या तेर नदीला मोठा पूर आला होता. असं पाणी मुरमावरून धावलं तर एका रात्रीत घळी पडतात. त्यामुळे वाट मधे थोडी फुगीर आणि दोन्ही कडांना उतरती हवी, बाजूला नाली हवी, आणि ओहोळ आडवा येतो तिथं मोरी हवी. रेल्वेच्या पट्टीवर ही निम्मी तयारी आधीच झालेली होती. भराव घट्ट बसलेला, मोऱ्या बांधलेल्या, पूलही उभे. नवीन रस्ता काढायचा तर खर्च याच गोष्टींचा असतो, वरच्या मुरमाचा त्या मानानं थोडा.

सायकलचं थोडं. मुरमासाठीची म्हणून जी सायकल परदेशात विकतात, तिचे टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात, हवा जरा कमी ठेवतात, ब्रेक चकतीचे आणि चढासाठी हलके गिअर. किंमत ऐकून आमच्यापैकी दोघी हसल्या. पण आपली जुनी उंच काळी सायकल आठवा. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड असं लिहिलेलं असतं. दीड इंच म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर. दुधाच्या कॅन आणि गवताचे भारे घेऊन आपले सासरे मुरमावरून जात होते, ते याच रुंदीच्या टायरवर. मुरमावर नवीन असाल तर तीन गोष्टी सांभाळा. टायर दगडासारखा कडक फुगवू नका. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, दोन्ही हळूहळू लावा. आणि सुटी खडी आली की हँडल झटक्यानं वळवू नका, सरळ जाऊ द्या.

पण काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मुरमात नाहीच, गाड्या नसण्यात आहे. वाट जिथं मोठ्या रस्त्याला ओलांडते तिथं खुंट रोवलेले असतात. सायकल जाते, मोटार जात नाही. सगळी वाट मात्र अशी राखलेली नाही. शहरात काही तुकडा रस्त्यावरून जातो, काही भागात शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्याच वाटेनं शेतात जातो आणि त्याला जाऊ द्यावंच लागतं. पण मागून भोंगा वाजवत ट्रक येणार नाही, एवढी खात्री असली की कोण कोण बाहेर पडतं बघा. लहान मुलं, आजी-आजोबा, चाकाच्या खुर्चीतली माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया.

आम्हाला हे ऐकताना आमच्याच एका मैत्रिणीची लेक आठवत होती. गेल्या वर्षी शाळेतून येताना मोठ्या रस्त्यावर एका गाडीचा धक्का लागून ती पडली, हात मोडला. हात बरा झाला. पण त्या आठवड्यात वस्तीवरच्या तीन घरांनी आपल्या मुलींच्या सायकली उभ्या केल्या, त्या अजून उभ्याच आहेत. त्या रस्त्याला चढ नाही, खड्डे नाहीत, डांबर नवं आहे.

वाटेवर काय दिसतं तेही सांगतो. ओलोतच्या भोवती निजलेले ज्वालामुखी आहेत, चाळीसेक, गवतानं आणि झाडांनी झाकलेले. जिरोनाच्या पुढे क्वार्त गाव लागतं, तिथली काळी मडकी प्रसिद्ध आहेत. समुद्राकडे गेलं की बुचाची झाडं. झाड तोडत नाहीत, उन्हाळ्यात फक्त खोडाची जाड साल काढतात आणि पुढे नऊ ते चौदा वर्षं त्याला हात लावत नाहीत. साल काढलेलं खोड तांबडंलाल दिसतं. ज्यांना अजून दमायचं असतं ते वाट सोडून गावारेस नावाच्या टेकड्यांत, जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर जातात. तिथले चढ रेल्वेचे नाहीत. आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका फार वाढला तर जंगलात जायला बंदी होते.

कमाईचं दोन शब्दांत. मोटारीतला पाहुणा गावावरून निघून जातो. सायकलवरच्याला दोन-तीन तासांनी भूक लागते, पाणी लागतं, पंक्चर होतं, संध्याकाळी टेकायला जागा लागते. या हिरव्या वाटांवरच्या काही जुन्या स्टेशनांमधे आता खानावळी, भाड्याच्या सायकली आणि माहितीची खिडकी आहे.

एक गोष्ट मात्र व्हिडिओत कुणी सांगत नाही. ओलोतला आजही रेल्वे नाही. तिथल्या माणसाला जिरोनाला जायचं तर बस किंवा स्वतःची गाडी. सायकलवाट सुंदर आहे, पण दवाखान्यात जाणाऱ्या म्हातारीची गाडी गेली ती गेलीच. शकुंतला बंद पडल्यावर आपल्याकडच्या बाजारहाटाला जाणाऱ्या बायांचं काय झालं ते आपण पाहिलंय, म्हणून ती पुन्हा सुरू व्हावी ही मागणी आम्हाला पटते. कुणी उद्या तिथं सायकलवाट करू म्हणालं, तर आम्ही आधी गाडी मागू.

काकूंच्या पांदणीचं वेगळं. ती शाळेकडे जाते, मोठ्या रस्त्याला समांतर, आणि तिच्यावर बैलगाडी आणि ट्रॅक्टरशिवाय काही येत नाही. आम्ही मागच्या रविवारी जाऊन पाहून आलो. मुरूम दोनदा टाकलेला आहे, दोन्ही वेळा पहिल्या पावसात वाहून गेला. दोन ठिकाणी ओहोळ आडवा येतो आणि नाली कुठंच नाही. पाचवा अर्ज लिहायला घेतलाय, त्यात यंदा डांबराचा शब्द दुसऱ्या ओळीत आहे. पहिल्या ओळीत दोन मोऱ्या आणि दोन्ही बाजूंची नाली, गट नंबर घालून.