एका खोलीतले बेकार भाऊ

कारखान्यांच्या शहरात काम सुटलं की भावाभावांत काय होतं, हे कळायला जयंत पवारांचं ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक वाचावं. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतले सुमारे २.५ लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्यातून उद्ध्वस्त झालेलं धुरी कुटुंब या नाटकात आहे. त्यातल्या भावांपैकी बाबाला लेखक व्हायचंय, मोहनला क्रिकेटचं वेड, नरू गुंडगिरीत. एकमेकांना टोचून बोलताना खरा राग हातातून गेलेल्या कामाचा असतो, हे पवारांनी फार नेमकं पकडलंय. माइक ली यांच्या ‘मीनटाइम’ (१९८३) या चित्रपटातल्या लंडनच्या बेकार भावांचीही हीच गत. ‘अधांतर’वरून महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ काढला. पण आधी नाटक वाचा.