पेठांचे बोळ आणि मोटारी

पुण्याच्या पेठा मोटारींसाठी वसल्याच नव्हत्या. माणूस, घोडा, पालखी आणि फार तर बैलगाडी, एवढ्यांचेच ते बोळ. पुढे सायकल आली ती त्यांत सामावली. इतकी, की पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. मोटारीने मात्र पेठांनाच आपल्या मापाचे करून घेतले. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

‘माणसे वाढली म्हणून गाड्या वाढल्या,’ असे आपण सहज म्हणतो. १९५१ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत ५ लाखांहून कमी वस्ती होती. २०११ च्या जनगणनेत ती ३१ लाखांवर गेली. (मधल्या काळात हद्दही वाढली, हे विसरून चालणार नाही.) पण ही वाढ प्रामुख्याने पेठांबाहेर झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे वाडे पडले आणि सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती वसल्या. पाठोपाठ कोथरूड, सिंहगड रस्ता. बिऱ्हाडे बाहेर गेली. शाळा, सराफांच्या पेढ्या, लग्नाचा बस्ता आणि मंडई मात्र पेठेतच राहिली. पूर्वी लक्ष्मी रस्त्यावर पायी जाणारा आता गाडीने येऊ लागला. १९७२ मध्ये चेतक स्कूटर आली, १९८३ च्या अखेरीस मारुती. तेव्हा पेठेतली गर्दी राहणाऱ्यांपेक्षा येणाऱ्यांची अधिक, असे माझे मत आहे.

वाड्यांची कथा निराळी. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. सगळ्या बिऱ्हाडांचे भाडे मिळूनही कौले चाळण्याचा खर्च निघेना. शेवटी मालक आणि भाडेकरू दोघेही बिल्डरकडे वळले. सदाशिव पेठेतला माझ्या आजोळचा वाडा असाच गेला. चौक, ओसरी, तुळशीवृंदावन होते तिथे आता खांब आहेत आणि खांबांमध्ये गाड्या. इमारत बांधायची तर वाहनतळ हवा, असा नियमच आहे. माणसे वरच्या मजल्यांवर गेली आणि जमीन चाकांना मिळाली.

रस्तारुंदीचा प्रकार तर पाहण्यासारखा! नवी इमारत काही फूट मागे सरते. शेजारचा जुना वाडा पुढेच उभा असतो. त्यामुळे बोळाची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते. मोकळ्या झालेल्या तुकड्याचा रहदारीला उपयोग शून्य, कारण दहा पावलांवर रस्ता पुन्हा आवळतो. त्या खाचेत स्कूटरी लागतात. रुंदी वाढते ती नकाशावर.

एकेरी वाहतूक झाली, सम-विषम तारखांच्या पाट्या लागल्या. त्याने गाड्यांची सोय पाहिली गेली. चालणाऱ्याची कोणी पाहिली? माझी आजी पूर्वी पिशवी घेऊन एकटी मंडईत जाई. आता भाजी दारावर घेते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. तिथला सरकता जिना तिला आवडला. मात्र स्थानकातून घरी येताना पदपथावरच्या स्कूटरींमुळे तिला खाली रस्त्यावर उतरावे लागते, आणि मागून हॉर्न वाजतो.